चिठ्ठी नको, अख्खे पत्र वाचू द्या : सोलापुरातील मंडळ्यांच्या पाळकांना आणि वडीलजनांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील सर्व मंडळ्यांचे (चर्चचे) आदरणीय पाळकसाहेब, वडीलजन आणि पंच कमिटीचे सभासद यांस,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

येत्या ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या बहुतेक मंडळ्यांमध्ये वर्षाची शेवटची उपासना होईल. बारा वाजले की गीत होईल, लोक एकमेकांना भेटतील आणि मग ताट फिरेल. ताटात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतील. प्रत्येकाने एक उचलायची, ते त्याचे वर्षाचे वचन. घरी गेल्यावर ती चिठ्ठी कपाटाच्या दारावर चिकटेल, सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर येईल. आलेली चिठ्ठी मनासारखी नाही म्हणून ती हळूच परत ठेवून दुसरी उचलणारे हातही मी पाहिले आहेत.

या प्रथेमागचा भाव खोटा नाही. नव्या वर्षात पाऊल टाकताना देवाचा शब्द हाती असावा असे वाटणे चांगलेच आहे. तरीही आपणा सर्वांना माझी विनंती आहे, की या वर्षी चिठ्ठ्या वाटू नका. त्याऐवजी प्रत्येक घराला पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, एक पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा, आणि ते खरोखर वाचले जाते का, याकडे आपण स्वतः लक्ष घाला.

मी बरीच वर्षे शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शास्त्रवर्गात, शिकवते. मुलांना सुवर्णवचने पाठ असतात, मोठ्यांनाही असतात. पण त्या वचनाच्या आधी काय आहे, ते कोणी, कोणाला, कोणत्या संकटात म्हटले, हे विचारले की वर्गात शांतता पसरते. वर्षानुवर्षे न चुकता उपासनेला येणारी, वर्गणी वेळेवर देणारी, उपवास प्रार्थनेत डोळ्यांतून पाणी काढणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी एखादे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारे पुस्तक, सलग वाचले आहे? शास्त्र घरोघरी आहे, स्वच्छ कापडात गुंडाळलेले आहे, मखमली कव्हरात आहे. रविवारी ते बगलेत येते आणि रविवारीच परत कपाटात जाते.

चिठ्ठीत सर्वांत जास्त वेळा येणारे वचन घेऊ. यिर्मया २९:११. परमेश्वर म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ज्याला ही चिठ्ठी येते तो खूश होतो: यंदा नोकरी लागणार, मुलीचे लग्न जमणार. आता तो अध्याय उघडा. ते एक पत्र आहे. यरुशलेमेत राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना ते लिहिले. त्यात तो त्यांना सांगतो की घरे बांधा आणि राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे एवढे सगळे कशासाठी? कारण परतायला सत्तर वर्षे लागणार आहेत. सत्तर वर्षांचा उल्लेख दहाव्या वचनात आहे आणि चिठ्ठीवरचे वचन लगेच त्याच्यानंतर, अकरावे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या पिकल्या केसांच्या माणसांना कळून चुकले असेल की आपण आपले गाव पुन्हा पाहणार नाही. आणि त्याच माणसांना देव सांगतो आहे की माझा संकल्प हिताचा आहे.

आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, असे तो मंदिरात सर्वांसमोर सांगतो. लोकांना हनन्याच आवडला असणार. यिर्मयाचे पत्र अशाच गोड बोलण्याला उत्तर म्हणून आले आहे. तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका, असे आठव्या वचनात स्पष्ट आहे. आपण अकरावे वचन कापून चिठ्ठीवर घेतो तेव्हा यिर्मयाच्या तोंडून हनन्याचा संदेश वदवतो. हे कोणी मुद्दाम करत नाही हे मला माहीत आहे. पण ज्याने अख्खा अध्याय वाचला आहे तो यंदा नोकरी लागली नाही तरी देवावर रुसणार नाही, आणि ज्याने फक्त चिठ्ठी वाचली आहे तो मार्च-एप्रिलपर्यंत रुसलेला असेल. असे रुसून उपासनेला यायचे थांबलेले लोक आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. आपण त्यांच्या घरी भेटीला जाता, मीही जाते.

दुसरे उदाहरण देताना जपून लिहिते, कारण ते पैशाचे आहे. बाहेरगावचे वक्ते येतात, मैदानात मांडव पडतो, तीन दिवस सभा होतात, आणि शेवटच्या रात्री मलाखी ३:१० हमखास निघते. दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) भांडारात आणा, मग पाहा मी आकाशकपाटे उघडतो की नाही. बायका बांगडी काढून देतात. मलाखीचे पुस्तक अवघे चार अध्यायांचे आहे, वाचायला पाव तास पुरतो. पहिल्याच अध्यायात देव याजकांवर संतापलेला आहे: तुम्ही माझ्या वेदीवर आंधळे, लंगडे, रोगी पशू आणता, हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या, तो प्रसन्न होईल का? दुसऱ्या अध्यायात पुन्हा याजकच: याजकाच्या ओठांनी ज्ञान राखावे आणि लोकांनी त्याच्या तोंडून शिक्षण घ्यावे, पण तुम्ही पुष्कळांना अडखळवले. आणि दशमांशाच्या वचनाच्या पाचच वचने आधी मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला, अनाथाला आणि परक्याला लुबाडणारे लोक देवाने साक्षीला उभे राहून धरले आहेत. यंत्रमागाच्या, विडीच्या, गारमेंटच्या मजुरीवर पोट असलेल्या आपल्या शहरात तिसऱ्या अध्यायाचे पाचवे वचन कोणी मोठ्याने वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. दहावे मात्र सर्वांना तोंडपाठ आहे.

जिने मलाखी घरी बसून एकदा तरी पूर्ण वाचला आहे ती बाई दान देईल, आनंदाने देईल. पण बांगडी काढण्याआधी ती विचारेल की बाकीचे तीन अध्याय कुठे गेले. पाळकसाहेब, असा प्रश्न विचारणारी मंडळी आपल्याला जड वाटू नये. बिरुया येथील लोकांकडे पाहा. प्रेषित पौलासारखा माणूस सांगतो आहे, तरी ते रोज शास्त्र उघडून या गोष्टी अशाच आहेत की काय हे तपासत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये त्यांना त्याबद्दल थोर म्हटले आहे. पौलाला त्याचा राग आल्याचे कुठे लिहिलेले नाही.

आपण म्हणाल, आम्ही दर रविवारी वचन सांगतोच की. सांगता, आणि मनापासून सांगता. पण रविवारचा संदेश ही काही आपली कडक भाकरी नव्हे, की एकदा भाजून ठेवली आणि आठवडाभर पुरली. मंगळवारी दुपारी डॉक्टर रिपोर्ट हातात देतात तेव्हा रविवारच्या संदेशातले काय उरलेले असते?

गेल्या काही वर्षांत घडलेली एक गोष्ट सांगते. माझ्या ओळखीतल्या एका बहिणीचा नवरा दवाखान्यात महिनाभर पडून होता. भेटायला येणारा प्रत्येक जण एक वचन देऊन जात होता, सगळी विजयाची. तिच्या उशाशी कार्डांचा गठ्ठा झाला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, बाई, मला आता प्रार्थना सुचत नाही, जे मनात येते ते देवासमोर बोलण्यासारखे नाही. मी तिला स्तोत्र ८८ काढून दिले आणि स्वतः वाचायला सांगितले. वॉर्डातल्या त्या मिणमिणत्या उजेडात ती बोट ठेवून वाचत गेली. हे परमेश्वरा, तू माझा जीव का टाकतोस, माझ्यापासून आपले मुख का लपवतोस. त्या स्तोत्राच्या शेवटी कसलाही दिलासा नाही, शेवट अंधारातच होतो. वाचून झाल्यावर तिने वर पाहिले आणि विचारले, "हे पण शास्त्रात आहे?"

इतकी वर्षे ती मंडळीत होती. जन्मल्यापासून होती. आणि दुःखाने गुदमरलेल्या माणसाला देवासमोर असेही बोलता येते, देवानेच ते शब्द त्याच्यासाठी जपून ठेवले आहेत, हे तिला तोवर कोणी सांगितले नव्हते. सांगायचे तरी कोणी? संदेशासाठी असा पाठ सहसा निवडला जात नाही, आणि चिठ्ठीवर तो येणे शक्यच नाही. तो सापडतो फक्त स्वतः पाने उलटणाऱ्याला. त्यानंतर तिने स्तोत्रसंहितेची पाने चाळायला घेतली. नवरा बरा होऊन घरी आला की नाही, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

नारायण वामन टिळकांची हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचण्याचे कबूल केले होते म्हणून वाचायला घेतला, आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात त्यांचा पत्रव्यवहार झाला, भेटी झाल्या, वाद झाले. पण सुरुवात झाली ती एका माणसाने एकट्याने बसून पुस्तक वाचण्यापासून. ज्यांची गीते आपण दर रविवारी गातो त्या कवीचा विश्वास अशा वाचनातून उगवला आहे.

पुण्याला जाताना दौंड सुटले की केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी तिथे, मुक्ती मिशनमध्ये, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली ही बाई उतारवयात नव्या भाषांचे व्याकरण घेऊन बसली, कारण आश्रमातल्या साध्या, नुकते अक्षर ओळखू लागलेल्या बायकांना स्वतः वाचून कळेल असे शास्त्र तिला हवे होते. १९२१ मध्ये तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या, आणि ते शास्त्र छापून १९२४ मध्ये बाहेर आले. आश्रमातल्या बायकांनीच छापखाना चालवला. संदेश ऐकून बायकांचे भागते असे रमाबाईंना वाटले असते, तर त्यांनी एवढा खटाटोप केला नसता.

शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावे ही कल्पना अलीकडची, परदेशी मिशनरींनी आणलेली, असेही कोणी समजू नये. शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात इस्राएलाच्या राजासाठी एक नियम आहे. गादीवर बसल्यावर राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जवळ बाळगावी आणि जन्मभर वाचावी. दरबारात याजक होते, लेखक होते, वाचून दाखवणारे हवे तितके मिळाले असते. तरी देवाने राजाला त्यातून सोडले नाही. वडीलजनहो, कमिटीच्या बैठकीत जागेच्या दाव्याचे कागद, बांधकामाचे कोटेशन, निवडणुकीची यादी यांवर आपण रात्री अकरापर्यंत बसता. त्याच बैठकीच्या सुरुवातीला एक अध्याय सगळ्यांनी मिळून वाचून त्यावर पंधरा मिनिटे बोललात, तर लोकांना वाचा म्हणून वेगळे सांगावे लागणार नाही.

एक शंका नेहमी ऐकू येते की सामान्य माणसाने आपल्या मनाने वाचले तर तो भलतेच अर्थ काढील. शंका खरी आहे. पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि अज्ञानी लोक त्यांचा विपर्यास करतात, हे पेत्रानेच लिहून ठेवले आहे. पण त्यावर उपाय म्हणून पेत्र पुस्तक मिटायला सांगत नाही. रथात बसून यशया वाचणारा कूशी अधिकारी आठवा. त्याला वाचलेले समजत नव्हते, आणि फिलिप्प त्याच्या शेजारी चढून बसला. आधी त्याचे वाचन होते, मग प्रश्न होता, मग पाळक आला. आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे: न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपण दर रविवारी चाळीस मिनिटे देता. लोक वाचू लागले की प्रश्न येतील, कधी अडचणीचेही येतील, आणि पाळकाच्या कामाला खरी धार त्यातच चढेल. शिवाय सैतानाला शास्त्र येते, हे मत्तय ४ मध्येच दिसते. त्याने स्तोत्र ९१ मधली वचने म्हणून दाखवली. प्रभूने त्याला उत्तर दिले ते दुसऱ्या शास्त्रलेखाने. ज्याला एकच वचन माहीत आहे त्याच्याकडे असे उत्तर नसते.

दुसरी शंका वेळेची, आणि अक्षर न येणाऱ्यांची. आमच्या मंडळीत विडी वळणाऱ्या एक मावशी आहेत, मातृभाषा तेलुगू. शाळा पाहिलेली नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, बोटे सारखी चालू, आणि शेजारी नातवाचा जुना मोबाइल. त्यावर तेलुगूत योहानाचे शुभवर्तमान लावलेले असते, ते फुकट ऐकायला मिळते. अध्याय संपला की त्या पदराला बोट पुसतात आणि तोच अध्याय पुन्हा लावतात. एक दिवस त्यांनी मला विचारले, "शोमरोनी बाई घागर तिथंच टाकून गावात का पळाली हो?" मला चटकन उत्तर सुचेना. मी योहान ४ कितीदा शिकवला असेल, पण अठ्ठाविसाव्या वचनातल्या त्या घागरीपाशी मी कधी थांबले नव्हते. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते त्या गावातल्या बाईलाच हे खटकणार, की पाण्यासाठी भर उन्हात आलेली बाई भांडे सोडून कशी जाईल. मग आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो. पाण्यापेक्षा मोठे काही मिळाल्याशिवाय कोणी घागर सोडत नाही, हा त्यांचाच निष्कर्ष. वैयक्तिक शास्त्राभ्यास म्हणतात तो हाच. त्याला पदवी लागत नाही, टेबल-खुर्ची लागत नाही, अक्षरही लागतेच असे नाही. एकच गोष्ट पुन्हा ऐकण्याचा धीर लागतो आणि प्रश्न विचारायची मुभा लागते.

आपल्या बाकांवर मराठीच्या शेजारी तेलुगू आणि कन्नड घरे बसतात. शास्त्र या तिन्ही भाषांत आहे. ज्याने ज्या भाषेत रडायचे त्याच भाषेत वाचावे, असे व्यासपीठावरून एकदा सांगून टाका. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना मराठी शास्त्र अडखळत वाचावे लागते, मोठे हसतात, आणि मूल पुस्तक मिटते. त्यांना इंग्रजीत वाचू द्या; घरातल्या आजीने तोच अध्याय मराठीत मोठ्याने वाचावा. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि मग आई युनीकेत होता, असे पौल लिहितो, आणि बालपणापासून त्याला शास्त्र माहीत होते असेही लिहितो. त्या घरात शास्त्र शिकवणाऱ्या बायकाच होत्या.

आता नेमके काय करावे, ते सांगते. जानेवारीपासून मार्काचे शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, सगळे एका बैठकीत मोठ्याने वाचले तरी दीड-दोन तासांत होतात. आठवड्याला एकच अध्याय घेतला तर रोज तोच वाचता येईल, आणि ईस्टरच्या सुमारास आपण वधस्तंभापाशी पोहोचू. पुढच्या रविवारचा अध्याय आदल्या रविवारी जाहीर करा, संदेश त्याच अध्यायावर द्या, आणि संदेशानंतर दहा मिनिटे प्रश्नांसाठी मोकळी ठेवा. सुरुवातीला कोणी तोंड उघडणार नाही. तरी ती दहा मिनिटे काढून टाकू नका. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद होण्याच्या तयारीच्या, वर्गातल्या प्रत्येक मुलामुलीने एक शुभवर्तमान स्वतः पूर्ण वाचलेले असावे, ही अट घाला. प्रश्नोत्तरे पाठ असणे पुरेसे धरू नका. मोठ्या अक्षरांतल्या प्रतींसाठी थोडी तरतूद करा, कारण आपल्यातले अर्धे म्हातारे डोळ्यांपायी वाचन सोडून बसले आहेत आणि ते सांगायला लाजतात. आठवड्यात एवढ्या सभा असतात, त्यांपैकी एक सभा रद्द करून ती संध्याकाळ घरी वाचनासाठी द्या, असेही मी म्हणेन. हे काहींना रुचणार नाही.

वाचायचे कसे, हे मात्र शिकवावे लागेल. एक साधी वही पुरते. बोलणारा कोण, ऐकणारे कोण, आधी काय घडले, यात देव कसा दिसतो, आणि उद्या सकाळी मला काय बदलावे लागेल. न समजलेले तसेच लिहून ठेवायचे, खाडाखोड न करता. माझ्या शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांच्या वह्यांत सर्वांत जास्त पाने न समजलेल्या गोष्टींनी भरलेली आहेत आणि मला त्या पानांचाच अभिमान आहे. त्यातल्या एकाने लिहिले होते की मार्कात येशू लोकांना चमत्कार सांगू नका असे पुन्हापुन्हा का म्हणतो. पंधरा वर्षांच्या मुलाला हे दिसले. हे त्याला कोणत्याही चिठ्ठीत दिसले नसते.

आमच्या महिला संघातल्या काही जणी आणि मी शनिवारी संध्याकाळी कोणाच्याही घरी, कोणत्याही मंडळीतल्या घरी, मार्क घेऊन बसायला तयार आहोत. घरांची यादी पाळकसाहेबांनी द्यावी आणि शक्य तेव्हा स्वतःही यावे. जानेवारीचा पहिला अध्याय जाहीर करायचा तर निर्णय डिसेंबरच्या कमिटीत व्हायला हवा, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिले. उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
मंडळीतील एक शब्बाथ शाळा शिक्षिका
सोलापूर